एमए झालं, आता हप्ता सुरू होणार: रोह्याच्या नव्या सायकोलॉजिस्टने काय निवडावं?

या एपिसोडमध्ये आकडे जरा जास्त आहेत आणि ट्रेनमध्ये उभं राहून ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा लिखित मजकूर. बोलताना जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे बघा ना" कमी केलेत.

मी पेणचा. लोणेऱ्याच्या आंबेडकर विद्यापीठातून बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. सायकोलॉजीचं मला काही कळत नाही. पण माझी मावसबहीण रोह्याची आहे, तिचं पुण्यात सायकोलॉजीत एमए झालंय आणि डोक्यावर ५ लाखांचं एज्युकेशन लोन आहे. ती म्हणाली, "दादा, तू फक्त एक्सेल उघड." दोन रविवार आम्ही त्यावर बसलो. त्यातून जे समजलं ते तिच्या परवानगीने सांगतोय. आकडे गोल केलेत. पगार आणि फी हिशोबापुरत्या धरल्यात, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

तिच्यासमोर चार रस्ते होते. पुण्यात ऑनलाइन काउन्सेलिंग अ‍ॅपची नोकरी. आणखी दोन वर्षं शिकून क्लिनिकल सायकोलॉजिस्ट होणं. घरी राहून रोहा-पेणमध्ये शाळा आणि खासगी काउन्सेलिंग. किंवा सरकारी कंत्राटी पद. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मावशी म्हणते, "पुण्याला काय ठेवलंय?" काका म्हणतात, "शिकायचं असेल तर शीक, घर आहे ना आपलं, ठेवू तारण." आणि पेणकडचे नातेवाईक म्हणतात, "आधी लोन मोकळं कर." २०१० मध्ये पेण अर्बन बँक अडचणीत आली, हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. तेव्हापासून आमच्याकडे बँक हा शब्द काढला की मोठी माणसं जरा सावध होतात. ते समजण्यासारखं आहे.

०२:४० | आधी लायसन्सचा प्रश्न

आमच्या फील्डमध्ये कोड लिहायला कुणाची नोंदणी लागत नाही. हिच्या फील्डमध्ये एमए झालं तरी एक दार बंदच असतं.

भारतात "क्लिनिकल सायकोलॉजिस्ट" हे नाव कुणीही लावू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात त्याची व्याख्या आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयने मान्य केलेलं क्लिनिकल प्रशिक्षण त्यासाठी लागतं. आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना असं काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. साध्या एमएवर काउन्सेलर म्हणून काम करता येतं. निदान करून सही द्यायची, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी लागणारं मूल्यमापन करायचं, हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल पदावर बसायचं, तर ती नोंदणी हवी.

वर्षानुवर्षं त्याचा ठरलेला रस्ता होता दोन वर्षांचं एमफिल. पण नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं. क्लिनिकल सायकोलॉजीपुरती यूजीसीने २०२५-२६ पर्यंत प्रवेशाला सवलत दिली. आरसीआयने आता क्लिनिकल सायकोलॉजीचे नवे पदवी आणि पदव्युत्तर कोर्स आणलेत, सायडी हा डॉक्टरेटचा कोर्सही आहे. म्हणजे चार वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियरचा सल्ला आज जसाच्या तसा चालत नाही. फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: माझ्या एमएवर या कोर्सला प्रवेश मिळतो का, आणि मी प्रवेश घेतेय त्या वर्षासाठी या कॉलेजला आरसीआयची मान्यता आहे का. आरसीआयच्या वेबसाइटवर संस्थांची यादी असते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

"नोकरी करत डिस्टन्सने काहीतरी करते" असा विचार असेल, तर तोही रस्ता अडलाय. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकोलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स बंद करायला सांगितलेत.

साध्या काउन्सेलर्सचं काय? २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत क्लिनिकल सोडून बाकीचे सायकोलॉजिस्टही आहेत. म्हणजे त्यांच्याही नोंदणीकडे वाटचाल सुरू आहे. मार्कशीट, इंटर्नशिपची पत्रं, किती तास कुणाच्या हाताखाली काम केलं त्याची नोंद, हे सगळं आजपासून एका फोल्डरमध्ये जपून ठेवा.

०६:१५ | लोनचं मीटर कधीपासून पडतं

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख लहानपणी रोह्यात शिकले. पण व्याजाचा हिशोब काही गावाच्या पाण्यातून येत नाही, तो मांडावाच लागतो.

एज्युकेशन लोनमध्ये हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. याला मोरेटोरियम म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की तोपर्यंत लोन झोपलेलं असतं. तसं नाही. पहिला पैसा बँकेतून सुटला की व्याज सुरू. फक्त ते सरळव्याज असतं आणि शेवटी मुद्दलात मिसळतात.

हिचं उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी २.५ लाख, दुसऱ्या वर्षी २.५ लाख. व्याज १० टक्के धरू. हप्ता सुरू होईपर्यंत पहिल्या रकमेला तीन वर्षं होतात, व्याज ७५,०००. दुसऱ्या रकमेला दोन वर्षं, व्याज ५०,०००. म्हणजे ५ लाख घेतले आणि हप्ता सुरू होताना देणं ६.२५ लाख.

आता ६.२५ लाखांचा हप्ता:

७ वर्षांत फेडलं तर महिन्याला साधारण १०,३७५, एकूण व्याज २.४७ लाख.
१० वर्षांत फेडलं तर ८,२६०, व्याज ३.६६ लाख.
१५ वर्षांत फेडलं तर ६,७१५, व्याज ५.८४ लाख.

१५ वर्षांची मुदत पाहून मावशी दचकली. पण यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फ्लोटिंग व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून कमाई अजून स्थिर नसताना मुदत लांब घ्या, हप्ता छोटा ठेवा, आणि हातात पैसे आले की जास्तीचे भरा. उलटं करायला गेलात, म्हणजे मोठा हप्ता घेऊन नंतर बँकेकडे कमी करायला गेलात, तर ते तुमच्या हातात नसतं. हप्ता चुकला तर सिबिल तुमचा बिघडतोच, पण सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांचाही बिघडतो. काका धाटावच्या एमआयडीसीत आहेत, तीन वर्षांनी रिटायर होणार. त्यांच्या नावावर डाग नको, ही हिची पहिली अट होती.

दुसरी एक सोय: मोरेटोरियममध्ये नुसतं व्याज भरत राहता येतं. ५ लाखांवर वर्षाला ५०,०००, म्हणजे महिन्याला साधारण ४,२००. तेवढं भरलं तरी देणं वाढत नाही. अशा नियमित भरणाऱ्यांना काही बँका व्याजात १ टक्का सवलत देतात. बँकेत जाऊन विचारा, कारण आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

आणि इन्कम टॅक्सच्या ८०ई कलमाचं कौतुक कुणी केलं तर जरा थांबा. ती सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. सुरुवातीच्या पगारात टॅक्ससाठी लोन लांबवण्याला काही अर्थ नाही.

१०:३० | पुण्याचा पगार, रोह्याची शिल्लक

आता नोकरी. पुण्याच्या अ‍ॅपचा हातात येणारा पगार ३२,००० धरला. भाडं, डिपॉझिटची उधारी, मेस, प्रवास मिळून २०,०००. सुपरव्हिजनचे ३,०००. उरले ९,०००.

सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी सायकोलॉजिस्टसमोर आपल्या केसेस मांडून चुका समजून घेणं. आम्हाला कोड रिव्ह्यू कंपनीच्या पैशाने मिळतो, सीनियर बाजूलाच बसलेला असतो. यांना बऱ्याचदा ते स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. आणि ते टाळलं तर नुकसान समोर बसलेल्या माणसाचं होतं. त्यामुळे हा खर्च आम्ही भाड्याइतकाच पक्का धरला.

रोहा-पेणचा हिशोब असा. एक शाळा रोह्यात, एक पेणमध्ये, आठवड्याला दोन-दोन दिवस, प्रत्येकी ९,०००. वर्षाचे दहाच महिने, म्हणजे १.८ लाख. खासगी सेशन महिन्याला २४, प्रत्येकी ५००, अकरा महिने: १.३२ लाख. एकूण ३.१२ लाख. त्यातून सुपरव्हिजनचे वर्षाला ३६,०००, पेणमध्ये तासावर घेतलेली खोली आणि प्रवास ४८,०००. उरले २.२८ लाख, म्हणजे महिन्याला १९,०००. घरात ६,००० दिले तर हातात १३,०००.

३२,००० कमावून ९,००० उरतात आणि १९,००० कमावून १३,००० उरतात. घरी राहण्याची किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही, ती शिल्लकेत दिसते.

पण हे चित्र जरा जास्त गोड आहे. महिन्याला २४ सेशन पहिल्या दिवसापासून येत नाहीत. पहिले चार-सहा महिने निम्मे धरा. मे महिना कोरडा. पेणच्या गणपतीच्या कारखानदारांना हे समजावून सांगावं लागत नाही: काम वर्षभर चालतं, पैसा मुख्यतः एका हंगामात येतो, आणि त्यावर वर्ष काढायचं असतं. काउन्सेलरनेही तसंच चार महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून मगच "माझी प्रॅक्टिस सुरू आहे" म्हणावं.

१४:०५ | गरज आहे, पण पैसे कोण देणार?

"रायगडात सायकोलॉजिस्ट कुठे आहेत, तू तर राज्य करशील," असं हिला पाच जणांनी सांगितलं. गरज नक्कीच आहे. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला कारण नाही. मात्र गरज असणं आणि ५०० रुपये काढून देणारा माणूस समोर असणं, यात अंतर आहे.

मग पैसे कोण देतं? सध्या सगळ्यात ठोस उत्तर शाळा आणि क्लासेस आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुकदेव साहा प्रकरणात सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र काउन्सेलर, सायकोलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा. कोचिंग सेंटर्सही त्यात आली. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. म्हणजे मुख्याध्यापकांकडे जाताना "मुलांना ताण असतो हो" इतकंच म्हणायची गरज नाही. निकालाची प्रत, आठवड्याचं वेळापत्रक आणि फी, असं एक पान पुढे ठेवा.

सरकारी कंत्राटी पदांचंही तसंच, नीट वाचून बघा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, आपल्याकडे म्हणजे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडून, क्लिनिकल सायकोलॉजिस्टचं पद निघालं तर आरसीआय नोंदणी मागतात. पण एचआयव्ही समुपदेशनाच्या आयसीटीसी केंद्रांवर सायकोलॉजीचं एमए चालतं. अशी केंद्रं उपजिल्हा रुग्णालयांमध्ये असतात. पगार मोठा नसतो, कराराचं नूतनीकरण होत राहतं. पण रोज माणसं समोर येतात आणि शिकायला मिळतं. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिलाही मराठी बोलणारे काउन्सेलर लागतात.

आणखी एक गोष्ट, जी पुण्यातल्या प्राध्यापकांनी शिकवली नसेल. रोह्यात कुणी सायकोलॉजिस्टच्या दारात दिसलं तर संध्याकाळपर्यंत आळीला माहिती. वर ही मुलगी अमक्यांची, तिच्या आईची आणि माझ्या काकूची भिशी एक. अशा माणसासमोर कोण मन मोकळं करणार? त्यामुळे हिने ठरवलं की रोह्यात फक्त शाळा, आणि खासगी सेशन पेणला किंवा फोनवर. रोह्याचा माणूस "पेणला कामाला चाललोय" म्हणून निघू शकतो. दिवा-रोहा मेमू दिवसातून मोजक्याच, म्हणून सेशनच्या वेळा गाडीच्या वेळापत्रकावर बांधल्या. ओळखीच्या घरातलं कुणी आलं तर नम्रपणे दुसऱ्याकडे पाठवायचं, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवला.

१८:२० | कुठून मागे फिरता येतं?

इथपर्यंत आम्ही पगार आणि शिल्लक बघत होतो. तेवढ्यावर निर्णय होईना. मग एक्सेलमध्ये आणखी एक रकाना टाकला: हा निर्णय चुकला तर किती महिन्यांत, किती पैशांत परत येता येईल?

पुण्याची नोकरी: दोन-तीन महिन्यांत परत येता येतं, करारात बॉन्ड नसेल तर.
रोहा-पेण: कधीही बदलता येतं.
कंत्राटी पद: करार संपला की मोकळी.
खासगी कॉलेजात क्लिनिकलचं शिक्षण: इथे आम्ही थांबलो.

खासगी सीटची फी दोन वर्षांची ४ लाख धरू. काही सरकारी बँका दुसरं शिक्षण सुरू असताना पहिल्या लोनचा हप्ताही पुढे ढकलतात आणि दोन्ही एकत्र करतात. ऐकायला बरं वाटतं. पण एक वर्ष घरी थांबून मग प्रवेश घेतला, तर जुन्या ५ लाखांवरचं व्याज सहा आणि पाच वर्षं, नव्या ४ लाखांवरचं तीन आणि दोन वर्षं. व्याजच ३.७५ लाख. हप्ता सुरू होताना देणं १२.७५ लाख. दहा वर्षांचा हप्ता १६,८५० च्या आसपास, पंधरा वर्षांचा १३,७००.

आणि मुख्य मुद्दा. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यावर गेलं की मागतात. ५ अधिक ४ म्हणजे ९. म्हणजे काकांच्या त्या "घर आहे ना"ची खरंच वेळ येते. काका तोपर्यंत रिटायर झालेले. चारही रस्त्यांत ही एकच गोष्ट होती जिथून मागे फिरता येत नाही. नोकरी सोडता येते, शाळा बदलता येते, गहाण ठेवलेलं घर "नको, परत द्या" म्हणून मिळत नाही.

म्हणून ती शिकायचं नाही असं म्हणाली का? नाही. क्लिनिकल नोंदणी तिला हवीच आहे. तिने सीमा ठरवली: एकूण कर्ज ७.५ लाखांच्या वर जाणार नाही आणि घर तारण ठेवणार नाही. मग उरतात सरकारी किंवा कमी फीच्या सीट्स. बंगळुरूची निमहान्स, रांचीची सीआयपी अशा संस्थांत फी कमी असते आणि प्रशिक्षणार्थींना स्टायपेंड मिळत आलाय. सीट्स मोजक्या, प्रवेशपरीक्षा अवघड. नवा प्रवेश एखाद्या नामांकित संस्थेत मिळाला तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय लोन मिळू शकतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला मोरेटोरियममध्ये व्याजात ३ टक्के सवलत आहे. मात्र संस्था त्यांच्या यादीत हवी.

तिचा सध्याचा प्लॅन असा. मोरेटोरियमचं हे एक वर्ष रोहा-पेणमध्ये दोन शाळा आणि थोडे खासगी क्लायंट. महिन्याला ४,२०० व्याज भरत राहायचं. सकाळी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. दोन वेळा परीक्षा द्यायची. नाही झालं तर पुण्यात किंवा मुंबईत अशी नोकरी शोधायची जिथे सुपरव्हिजन संस्था देते, मग पगार दोन-तीन हजारांनी कमी असला तरी चालेल. तारखा कॅलेंडरमध्ये आहेत, आणि काकांनाही दाखवल्यात. काका आधी गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे घराचा विषय तू काढूच देणार नाहीस." ती म्हणाली, "नाही."

हे यशस्वी होईल की नाही, मला सांगता येत नाही. दुसऱ्या शाळेचं अजून पक्कं झालेलं नाही.

२३:१० | ऑफर हातात आली तर काय विचाराल

हे फक्त सायकोलॉजिस्टसाठी नाही. फिजिओ, वकील, आर्किटेक्ट, ज्यांचं शिक्षण लांब आणि सुरुवातीचा पगार छोटा, त्या सगळ्यांना लागू आहे. पण काउन्सेलरच्या नोकरीत हे पाच प्रश्न नक्की विचारा:

१. दिवसाला किती सेशन? मधे नोट्स लिहायला वेळ धरलाय का?
२. सुपरव्हिजन कोण देणार, आठवड्याला किती वेळ, पैसे कुणाचे?
३. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा क्लायंट आला तर पुढची साखळी काय? रात्री कुणाला फोन करायचा?
४. बॉन्ड आहे का? नोकरी सोडल्यावर स्वतःची प्रॅक्टिस करायला बंदी आहे का?
५. पदाचं नाव काय छापणार? नोंदणी नसताना व्हिजिटिंग कार्डवर "क्लिनिकल" लिहायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. शिक्षा तुम्हाला होते, कंपनीच्या मार्केटिंगला नाही.

आणि घरी जाऊन एक रकाना स्वतः भरा: इथून मागे फिरता येतं का? ज्या रस्त्यावरून परत येता येतं, तिथे थोडं धाडस करा. जिथून येता येत नाही, तिथे घरच्यांसोबत बसून, आकडे समोर ठेवून, दोनदा विचार करा.

लोनच्या, करिअरच्या ताणाने झोप उडाली असेल तर टेलीमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सायकोलॉजीच्या विद्यार्थ्यांनीही तिथे फोन करायला काही हरकत नाही.

तुमच्या लोनचे आकडे पाठवायचे असतील तर नाव, बँक न सांगता पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये दोन-तीन हिशोब एकत्र मांडू. भेटू, काळजी घ्या.